ड्रोनला न दिसणारे वीस गुण

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

स. न. वि. वि.

दहावीला विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता निवृत्त आहे, त्यामुळे वेतनपथकाची, निवडश्रेणीच्या प्रस्तावाची आणि संस्थेच्या सचिवांची भीती उरलेली नाही. नोकरीत असताना हे लिहिलं असतं तर ‘योग्य त्या मार्गाने सादर करावे’ असा शेरा मारून परत आलं असतं. तो योग्य मार्ग मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात संपतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणून हे खुलं पत्र.

2025 च्या दहावी-बारावीच्या परीक्षांना संवेदनशील केंद्रांवर ड्रोन फिरले. पूर्वी जिथे गैरप्रकार झाले होते त्या केंद्रांवर केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांमधून आणले गेले. त्याच्या दोन वर्षं आधी, प्रश्नपत्रिका मोबाइलवर फिरू नये म्हणून ती दहा मिनिटं आधी द्यायची पद्धत आपण बंद केली आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडून दिली. भरारी पथकं आहेत, बैठी पथकं आहेत, 1982 पासून परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदाही आहे. यातल्या कशालाही माझा विरोध नाही. मी पर्यवेक्षक म्हणून उभी राहिले आहे. चिठ्ठी गुंडाळलेला खडा खिडकीतून आत कसा येतो आणि कोणाच्या बाकाखाली पडतो, हे मला माहीत आहे. बाहेर कंपाउंडच्या भिंतीवर चढलेला माणूस गुंड नसतो, तो त्या मुलाचा मामा असतो, हेही माहीत आहे. मामा हटवायला पोलीस लागतात, तेव्हा ते जरूर ठेवा.

पण ड्रोन पाहतो तो लेखी पेपर. शंभरातले ऐंशी. उरलेले वीस अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे तोंडी परीक्षा-प्रात्यक्षिकांचे, ते शाळाच देते. त्या वीस गुणांकडे कोण पाहतं, एवढंच मला विचारायचं आहे. कारण माझ्या अनुभवात मुलगा कॉपी करायला परीक्षा केंद्रावर शिकत नाही. तो तिथे पोहोचेपर्यंत शिकून झालेला असतो. त्याला ते आम्ही शिकवलेलं असतं, शाळेच्या वेळात, हजेरी घेऊन.

आपल्या मंडळाने एकदा धाडस केलं होतं. 2018-19 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचं अंतर्गत मूल्यमापन काढून टाकलं. आदल्या वर्षी, 2018 ला, दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 ला तो 77.10 वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, तेव्हा सगळी घसरण त्या वीस गुणांच्या खात्यावर टाकणं बरोबर होणार नाही. पण मग गदारोळ झाला. अकरावीच्या प्रवेशात सीबीएसईची मुलं पुढे जातात आणि आमची मागे राहतात, अशी ओरड झाली (ती खोटीही नव्हती). काही महिन्यांत ते गुण परत आले. 2020 चा निकाल 95.30 टक्के. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नाही आणि त्याचे सरासरी गुण द्यावे लागले, हेही मान्य. सगळ्या सवलती देऊनसुद्धा एक गोष्ट शिल्लक राहते. 77 वरून 95 वर चढताना आमच्या वर्गातल्या मुलांना अचानक मराठी चांगलं बोलता येऊ लागलं नव्हतं.

हे गुण भरले कसे जातात? जानेवारीतली एक दुपार. शिक्षक खोलीत चहा आलेला. गुणतक्ते पुढ्यात. कोणीतरी म्हणतं, ‘अठराच्या खाली कोणी नको, सर म्हणालेत.’ मग कोणी सोळा देऊ पाहतं, तर शेजारचा समजावतो, ‘कशाला पोराचं नुकसान?’ हा समजावणारा वाईट माणूस नसतो. तोंडी परीक्षा झालेलीच नसते असंही नाही. अर्ध्या वर्गाची झालेली असते, उरलेल्यांची ‘झाली असं समजून’ झालेली असते. शेवटी कोणाला वीस, कोणाला एकोणीस, एखाद्या व्रात्य मुलाला सतरा, म्हणजे तक्ता खरा वाटावा. खरा वाटावा यासाठीही कष्ट घेतले जातात बरं का. सगळ्यांना वीस दिले तर वरून विचारणा येते.

मुलांना हे कळत नाही असं आपण धरून चालतो. वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकाला सगळ्यात आधी कळतं.

विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांचं थोडं सविस्तर सांगते, कारण ते माझं घर. एका शाळेत मी वर्षाच्या मध्यावर रुजू झाले. प्रयोगवह्यांचा गठ्ठा तपासायला घेतला. प्रयोग: बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढणे. पहिल्या वहीत तीन निरीक्षणं होती, 19.8, 20.1, 20.1. सरासरी 20 सेंटिमीटर. दुसऱ्या वहीतही तेच. दहाव्या वहीतही तेच. कपाटावर धूळ खात पडलेल्या मागच्या बॅचच्या वह्या काढल्या, तर त्यांतही 19.8, 20.1, 20.1. मी प्रयोगशाळेच्या परिचरांना विचारलं, ‘काका, ते भिंग दाखवता का?’ ते म्हणाले, ‘ते फुटून जमाना झाला, बाई. हे नवं आणलंय.’ नवं भिंग मी खिडकीशी धरून मोजलं. पंधरा सेंटिमीटर भरलं. म्हणजे जे भिंग शाळेत अस्तित्वात नव्हतं, त्याचं नाभीय अंतर मुलं वर्षानुवर्षं सुवाच्य अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहीत होती. त्यावर ‘छान’ असा शेराही होता.

दुसऱ्या दिवशी पाच-पाच मुलांचे गट केले आणि खिडकीपाशी उभं केलं. बाहेर चिंचेचं झाड होतं. कागदावर ते झाड उलटं उतरलं, पानांच्या हालचालीसकट, तेव्हा पोरं इतकी ओरडली की शेजारच्या वर्गातून भूगोलाचे सर बघायला आले. पट्टीने अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. एका मुलाने 15.2 लिहिलं. लिहिल्यावर शेजाऱ्याच्या जुन्या वहीत डोकावला, तिथे वीस. मी त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत त्याने खोडरबर काढून 15.2 खोडलं होतं. मी काही विचारलंही नव्हतं. तो आपणहून म्हणाला, ‘बाई, माझं चुकलं.’

अध्यक्षमहोदय, त्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी झाड पाहिलं होतं, स्वतःच्या हाताने पट्टी लावली होती, आकडा बरोबर वाचला होता. तरी डोळे, हात आणि पट्टी यांच्यापेक्षा त्याला शेजाऱ्याची वही जास्त खरी वाटली. पुढे मार्चमध्ये तो मुलगा शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावला तर त्याने नवं काय केलं?

मग मी सगळ्यांकडून पुन्हा मोजून घेतलं आणि प्रत्येकाचा आकडा फळ्यावर लिहिला. 14.7 पासून 15.4 पर्यंत आले. सगळ्यांचे आकडे काही सारखे नाहीत. वर्गात भांडण सुरू झालं, कोणाचं बरोबर? पट्टी तिरकी धरली होती का, झाड नीट स्पष्ट दिसण्याआधीच मोजलं का, पट्टीचं टोक झिजलेलं आहे का. ही चर्चा पाठ्यपुस्तकात सापडत नाही, पण विज्ञान म्हणतात ते हेच. तास संपत आला तेव्हा एका मुलीने हात वर केला. ‘बाई, बोर्डाच्या वहीत कुठलं लिहायचं?’ मी म्हटलं, तू मोजलंस ते. ती गप्प बसली नाही. ‘मग मार्क कापणार नाहीत ना?’ माझ्या हातात होतं तेवढं मी कबूल केलं. दुसऱ्या शाळेतल्या, दुसऱ्या बाईंच्या वर्गातल्या मुलीला ही हमी कोण देणार, ते आपल्या अखत्यारीत येतं, माझ्या नाही.

आता थोडं भिंतीकडे वळू. राज्यातल्या बहुतेक शाळांच्या भिंतीवर मूल्यशिक्षणातली दहा मूल्यं रंगवलेली आहेत. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता. यादी चांगली आहे. एकाही मूल्याशी भांडावं असं नाही. पण पुन्हा एकदा वाचा. खरेपणा त्यात नाही. प्रामाणिकपणा नाही. वक्तशीरपणा आहे, नीटनेटकेपणा आहे. वेळेवर आणलेली, नीट कव्हर घातलेली, सुंदर अक्षरातली खोटी प्रयोगवही या यादीतल्या निदान दोन मूल्यांमध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवून जाते. यादी करणाऱ्यांनी मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही. बहुधा ‘ते तर गृहीतच आहे’ असं वाटलं असेल. अकरावा शब्द रंगवून घ्या, असंही माझं म्हणणं नाही. रंगाऱ्याचं बिल तेवढं वाढेल.

परिपाठात प्रामाणिकपणा येतो, पण गोष्टीतून. लाकूडतोड्याची कुऱ्हाड नदीत पडते, जलदेवता सोन्याची दाखवते, तो नाही म्हणतो आणि शेवटी तिन्ही घेऊन घरी जातो. मुलं टाळ्या वाजवतात. पहिल्या तासाला त्यांतलाच एक जण खरं रीडिंग लिहितो आणि त्याच्या वहीत लाल गोळा येतो. गोष्टीतला हिशेब आणि वर्गातला हिशेब जुळत नाही. तो जुळत नाही हे दहा-अकरा वर्षांच्या पोराला नेमकं उमगतं. मग परिपाठ हा परिपाठाच्या जागी राहतो.

आणखी खाली, प्राथमिक शाळेत जाऊ. ‘माझी आई’ हा निबंध. गाइडात छापलेला असतो, फळ्यावर उतरतो, तिथून तीस वह्यांमध्ये जातो. आई पहाटे उठते, सडा-रांगोळी करते, देवपूजा करते, मला डबा देते, माझा अभ्यास घेते. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शाळेत हे वाचलं तर काय दिसतं? दसरा-दिवाळीनंतर ज्याचे आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर गेले आहेत आणि जो आजीपाशी राहिला आहे, त्यानेही लिहिलेलं असतं, माझी आई मला रोज डबा देते. त्याची आई या वेळी कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असते. तिच्याबद्दल लिहायला त्याच्याकडे किती होतं! त्याने लिहिलं असतं तर शुद्धलेखनाच्या चुका झाल्या असत्या, वाक्यं अर्धी राहिली असती, गुण कमी पडले असते. म्हणून आम्ही त्याला स्वतःच्याच आईबद्दल खोटं लिहायला लावलं आणि दहापैकी आठ दिले. मोबाइलवर चॅटजीपीटीकडून निबंध लिहून घेतात म्हणून हल्ली आमची बिरादरी हवालदिल आहे. मला त्यात तितकं नवं काही दिसत नाही. मुलाने स्वतःचं लिहावं असा आग्रह आपण आधी कधी धरला होता?

शाळेबाहेर पाऊल टाकलं तरी चित्र हेच. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहे. तेरा वर्षांचा, मिसरूड फुटू घातलेला मुलगा खिडकीशी बसलेला असतो आणि आई कंडक्टरसमोर त्याला कोपर मारते, ‘सांग, अकरा.’ पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाल्यापासून त्याच सीटवरचे आजोबाही झपाट्याने म्हातारे होऊ लागले आहेत. आधार कार्डावरची जन्मतारीख बदलून देणारी माणसं तालुक्याच्या गावात सापडतात. एका बाकावर एक जण वय कमी करून बसलेला, दुसरा वाढवून. कंडक्टरला सगळं दिसतं. वाद घालून गाडीला उशीर करायचा की पुढचं स्टॉप गाठायचं, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न.

शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के जागांचं आणखी वाईट. गरीब मुलांसाठीची ती तरतूद. वार्षिक एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला आणि शाळेपासूनचं घराचं अंतर यांवर प्रवेश ठरतो. मग चांगले खाते-पिते लोक भाडेकरार करतात, नकाशावर घराची खूण शाळेच्या दारात आणून ठेवतात, दाखला ‘काढतात’. असे बनावट कागद उघडकीला येऊन पालकांवर गुन्हेही नोंदले गेले आहेत. त्या मुलाच्या शालेय आयुष्याचा पहिला कागद खोटा असतो आणि ज्याची जागा गेली ते पोर मोलकरणीचं असतं. पुढे हेच पालक सभेत उठून विचारतात, ‘शाळेत संस्कार का होत नाहीत?’ मला त्यांचा राग येतो, हे लपवत नाही.

पण पालकांवर बोट ठेवताना आमच्याच खात्याचा इतिहास आठवतो. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. हजेरीपटावर नावं होती, वर्गात मुलं नव्हती. अनुदान, तुकड्या, शिक्षकांची पदं, शालेय पोषण आहार, सगळं पटावर अवलंबून, म्हणून पट फुगवलेला. एका शाळेतली मुलं दुसऱ्या शाळेत नेऊन बसवू नयेत यासाठी मतदानाला लावतात तशी शाई मुलांच्या बोटांना लावावी लागली. सरकारने मुलांना शाई लावली, कारण सरकारचा मोठ्यांवर विश्वास नव्हता, आणि तो नसावा अशीच परिस्थिती होती. ती मुलं आता मतदार आहेत. बोटावरच्या शाईशी त्यांची पहिली ओळख शाळेतच झालेली.

त्यानंतर दहा वर्षांनी, डिसेंबर 2021 मध्ये, शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार बाहेर आला. ती परीक्षा घेणाऱ्या परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. पुढे साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. ज्यांनी वर्गात उभं राहून ‘कॉपी करू नका’ म्हणायचं, त्यांच्या पात्रतेच्या परीक्षेची ही गोष्ट.

गांधीजींनी आत्मकथेत राजकोटच्या हायस्कुलातला प्रसंग लिहिला आहे, तो आपल्याला माहीत असेल. जाइल्स नावाचे शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर तपासणीला आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. मोहनदासला ‘केटल’ हा शब्द जमला नाही. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावलं, शेजाऱ्याच्या पाटीवरचं बघ. त्याच्या ते लक्षातच आलं नाही. त्याला वाटत होतं, मास्तर उभे आहेत ते आम्ही एकमेकांचं बघू नये म्हणून. सगळ्या वर्गाचे पाचही शब्द बरोबर आले, याचा तेवढा चुकला. ही गोष्ट आपण नेहमी त्या मुलाच्या बाजूने सांगतो. मला मास्तर दिसतात. त्यांना त्या मुलाला बिघडवायचं नव्हतं. समोर साहेब उभा होता आणि वर्गाचा निकाल शंभर टक्के दिसायला हवा होता, एवढंच. आणि गांधीजी पुढे लिहितात की या प्रसंगाने मास्तरांबद्दलचा त्यांचा आदर कमी झाला नाही. वडीलधाऱ्यांचे दोष न पाहण्याचा स्वभाव होता, म्हणून. हे वाक्य मला वाचताना दर वेळी अस्वस्थ करतं. तो मुलगा वेगळा निघाला. बाकीचा वर्ग, ज्याने पाचही शब्द बरोबर लिहिले, तोही मास्तरांचा आदर करतच मोठा झाला असणार.

तेव्हाचा साहेब आता निकालाच्या टक्केवारीच्या रूपात उभा असतो. कमी निकाल लागलेल्या विषयशिक्षकाला खुलासा मागणारं पत्र येतं. जास्त निकालाला खुलासा लागत नाही, त्याला शाल-श्रीफळ. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या सरकारी हिशेबात, पदं कमी होतात आणि कोणीतरी अतिरिक्त ठरतं. त्यामुळे जूनमध्ये गावोगाव ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा’ असे फ्लेक्स लागतात. शेजारच्या शाळेचा फ्लेक्स लागला आणि आपला नाही, तर पालक दाखला काढायला येतात.

आणि खरा पेच तर त्याच्याही पुढचा आहे. समजा एखाद्या बाईंनी ठरवलं की आपण खरे गुण द्यायचे. ज्याला प्रयोग येत नाही त्याला वीसपैकी नऊ. अकरावीची प्रवेशयादी दहावीच्या गुणांवर. ग्रामीण डाक सेवकाची भरतीही दहावीच्या गुणांवर, दुसरी परीक्षा नाही, मुलाखत नाही. एकेका गुणाने नोकरी हुकते. म्हणजे या बाईंच्या खरेपणाची किंमत बाई भरत नाहीत, त्यांचा विद्यार्थी भरतो. तो बिचारा बहुधा शेजारच्या शाळेतल्या एकोणीसवाल्यापेक्षा जास्त शिकलेला असतो. ‘कशाला पोराचं नुकसान?’ म्हणणारा सहकारी इथे बरोबर ठरतो, आणि त्याला उत्तर देणं मला कधीच सोपं गेलं नाही. आपल्या विद्यार्थ्याच्या पोटावर पाय देऊन आपण नीतिमान राहायचं, हे कुठलं नीतिशास्त्र? म्हणून शिक्षकांना प्रामाणिकपणाची शपथ देऊन हा प्रश्न सुटणार नाही. कॉपीविरोधी शपथा पुष्कळ झाल्या, मुलांच्याही आणि आमच्याही.

अंतर्गत गुण पुन्हा काढून टाका, असं मी म्हणणार नाही. लिहिता न येणारी पण बोलता येणारी मुलं मी पाहिली आहेत. वायर जोडायला सांगितली तर वर्गात पहिली येतील आणि ओहमचा नियम लिहायला सांगितला तर नापास होतील, अशीही पाहिली आहेत. ते वीस गुण त्यांच्या हक्काचे आहेत. आपण ते सगळ्यांना सरसकट वाटतो तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान यांचंच होतं, कारण त्यांचे खरे वीस आणि दुसऱ्याचे फुकटचे वीस गुणपत्रिकेवर सारखेच दिसतात.

मग मंडळाने करायचं काय? प्रत्येक शाळेचे अंतर्गत गुण आणि लेखी गुण आपल्या संगणकात आधीपासून आहेत. शाळावार शेजारी-शेजारी मांडून पाहायला नवा निधी लागत नाही. जिथे सगळा वर्ग अंतर्गतमध्ये अठरा-वीस आणि लेखीत काठावर, तिथे नोटीस पाठवू नका. नोटिशीचं उत्तर कसं लिहायचं हे आम्हाला पाठ आहे. तिथे एखादा विषयतज्ज्ञ जानेवारीत, न कळवता, दिवसभरासाठी पाठवा. त्याने कपाट उघडावं. भिंग आहे का, ते कितीचं आहे, पाच मुलांना मोजायला सांगावं. मुलांना जमलं नाही तर शाळेला शिक्षा नको, साहित्य आणि प्रशिक्षण द्या. जमलं तर तसं लेखी कळवा, फ्लेक्स लावायला काहीतरी खरं मिळेल. शंभर शाळांत एक वर्ष असा माणूस फिरला तरी उरलेल्या शाळांमधली कपाटं पुसली जातील, एवढं आमच्या व्यवसायाबद्दल मी खात्रीने सांगू शकते.

निकालाच्या पत्रकार परिषदेत ‘शंभर टक्के निकाल लागलेल्या शाळा’ असा एक आकडा आपण दर वर्षी जाहीर करता. तो वगळा. त्या एका ओळीसाठी राज्यातल्या किती शिक्षक खोल्यांमध्ये जानेवारीतली ती दुपार उगवते, याची आपल्याला पुण्यात कल्पना येणार नाही.

आणि प्रयोगवहीबद्दल एक साधं परिपत्रक काढा, एका पानाचं. निरीक्षण अपेक्षित उत्तराशी जुळलं नाही म्हणून गुण कापू नयेत. मात्र एकाच उपकरणावर काम केलेल्या सगळ्या मुलांची निरीक्षणं दशांशापर्यंत तंतोतंत सारखी असतील तर वही परत करावी. भाषेच्या तोंडी परीक्षेलाही असंच काहीतरी सुचवता येईल, ते भाषेच्या शिक्षकांनी सांगावं, मला त्यातलं कळत नाही.

यातलं काही आपल्या नियमावलीत बसत नसेल तर कुठल्या नियमात अडतं ते कळवावं. पत्र खुलं आहे, तेव्हा उत्तरही जाहीर दिलंत तर बरं. वैयक्तिक उत्तर पाठवलंत तर मी ते माझ्या जुन्या शाळेच्या सूचनाफलकावर लावायला देणार आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका